जोडकप्पा

जिन्याची रुंदी मी आर्विडला विचारली नव्हती. त्यानेच आपणहून सांगितली. "एकोणतीस इंच. कठडा काढला तर एकतीस." एवढं बोलून आपला कॉफीचा मग उचलून तो खाली निघून गेला.

मी एमेटकडे पाहिलं. "तू सांगितलंस त्याला?"

"काय?"

"तिजोरीचं."

"अगं, घर त्याचं आहे. तीनशे पौंड लोखंड वर चढवायचं तर घरमालकाला विचारायला नको?"

"विचारणं वेगळं आणि सांगत बसणं वेगळं. काय काय सांगितलंस?"

एमेटने लिनीच्या तोंडातून क्रेयॉन काढला आणि तो फार वेळ पुसत राहिला. म्हणजे सगळंच सांगितलं होतं. माझा नवरा मनाने निर्मळ आहे. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि आर्विड हल्कोलाच्या पोटात काय आहे ते मला आठ महिने कळलेलं नव्हतं.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली आर्विड. खाणकामगारांसाठी बांधलेलं जुनं लाकडी घर, मध्ये एक जिना, तळघरात वाफेच्या अंघोळीची खोली, सौना. आम्ही राहायला आलो ते फेब्रुवारीत, त्याची बायको हेल्मी गेली त्याच महिन्यात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाठ ताठ, बोलणं मोजकं. भाडेकरारात लिहिलं आहे की वरच्या प्रत्येक दाराची एक किल्ली मालकाकडे राहील. आणि भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. सही करताना मला दुसरं कलम जाचक वाटलं होतं. पहिल्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

एमेटच्या दोन रायफली इतकी वर्षं त्याच्या आईकडे होत्या. एक त्याची, एक त्याच्या वडिलांची. ऑक्टोबरात सासूबाई घर सोडून लेकीकडे डुलूथला जाणार, तेव्हा त्या रायफली आमच्याकडे येणार हे ठरलंच होतं. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते आणि इथला बाप्या माणूस रायफल दुसऱ्याच्या घरी ठेवून त्या दिवसाची वाट पाहत नाही. माझी अट एकच होती. तिजोरी हवी, आणि तिचा नंबर या घरात दोघांनाच माहीत असायला हवा.

कारण लिनी. दोन वर्षांची आहे. तिला ओव्हनचं दार उघडता येतं. औषधाच्या बाटलीचं झाकण, जे मला उघडता येत नाही, ते तिला येतं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी तिने खुर्ची ओढत नेऊन दाराची वरची कडी काढली आणि मोज्यांवर व्हरांड्यात जाऊन बर्फ चाटत बसली. मी पाठीमागून तिला उचललं तेव्हा तिच्या छातीतली धडधड माझ्या तळहाताला लागत होती आणि ती हसत होती. असं पाखरू घरात असताना मी कुठल्या कुलपावर भरवसा ठेवू?

आणि आर्विडकडे बंदुका कशा होत्या, ते मी रोज येता-जाता पाहत होते. बैठकीत ओकचं उंच कपाट, पुढे काच, काचेवर कोरलेलं हरीण. आत चार बंदुका ओळीने. किल्ली कुलपातच. इथल्या अर्ध्या घरांत असंच असतं. वडिलांनी ठेवली म्हणून मुलगाही किल्ली तिथेच ठेवतो आणि पाहुण्यांसमोर म्हणतो की आमच्याकडे सगळं कुलपात असतं.

मग आम्ही शोधायला लागलो. एकसंध तिजोरी जिन्यातून वर आलीच नसती, आणि आली असती तरी घर बदलताना चार माणसं बोलवावी लागली असती. पातळ पत्र्याचं स्वस्त कपाट भिंतीला बोल्टने आवळावं लागतं, म्हणजे भोकं. राहिली सुट्या भागांची. सहा पोलादी फळ्या वेगवेगळ्या खोक्यांतून येतात, एकेक उचलून वर न्यायची, जागेवर उभी करायची. बोल्ट सगळे आतून. एकदा दार लागलं की बाहेरून ती सुटी करता येत नाही. घर सोडताना पुन्हा सोडवायची आणि घेऊन जायची.

"किल्लीवाली नको," मी म्हणाले.

"नंबर विसरलो तर जादा किल्ली बरी असते."

"मी विसरत नाही."

"आणि मी?"

"तू विसरलास तर मला विचार."

"नंबर लिनीचा वाढदिवस ठेवू."

"तो आर्विडला माहीत आहे. त्या दिवशी तो वेलदोड्याचा पाव घेऊन आला होता."

एमेट हसला. "पाव घेऊन आला म्हणून गुन्हेगार?"

"तो पाव, निसु, हेल्मी भाजायची ना? त्याला कुठून जमलं?"

"बेकरीतून आणला असेल, बाई. तुला पोलिसात भरती करायला हवं होतं."

आम्ही दोनच रायफलींपुरती लहान तिजोरी ठरवली. दुसऱ्या दिवशी आर्विड जिन्यात भेटला. मी लिनीला एका कमरेवर आणि धुण्याची टोपली दुसऱ्या कमरेवर घेऊन चढत होते. तो बाजूला झाला, टोपली घेतली नाही.

"लहान घेताय म्हणे."

"हो."

"त्याच कंपनीचा जोडकप्पा मिळतो. शेजारी उभा करायचा, आतून आवळायचा. स्वतःचं दार, स्वतःचा नंबर. चार बंदुका मावतात."

"आमच्याकडे दोनच आहेत."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "नंबर कोण ठेवणार?"

मी एक पायरी वर गेले. "एमेट," मी खोटं सांगितलं.

त्याने मान हलवली. त्याला ते आवडलेलं दिसलं नाही.

नंबर कोण ठेवणार, हे कुणी विचारतं का? मी एमेटला विचारलं तर तो म्हणाला, म्हातारी माणसं बोलायचं म्हणून काहीही विचारतात. पण आर्विड बोलायचं म्हणून बोलत नाही. तो हवेबद्दलसुद्धा बोलत नाही.

त्या आठवड्यात तळघरातून दोन दिवस ठोकण्याचा आवाज येत होता. मी सौनाच्या निमित्ताने खाली जाऊन पाहिलं. आमच्या झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट जिथे येतं, बरोबर त्याच्याखाली एक नवा लोखंडी खांब तुळईला टेकू देत उभा होता. मार्चपासून मी गळणाऱ्या नळाबद्दल सांगत होते. त्याला वेळ नव्हता. न मागितलेला खांब मात्र दोन दिवसांत उभा.

"बघ, माणूस किती काळजी घेतो," एमेट म्हणाला.

"कशाची काळजी, तेच विचारतेय मी."

तिजोरी त्या कपाटात बसवायची हे एमेटने त्याला सांगितलं असेल. पण कपाटाच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात, हे त्याला कसं कळलं? गुरुवारी धुणं घेऊन गावात जाताना मी एक गंमत केली. लिनीच्या न्याहारीतली ओटच्या पिठाची एक छोटी, गोल, कुरकुरीत कडी त्या कपाटाच्या दाराला टेकवून जमिनीवर उभी केली. दार उघडलं तर पडणार, पाय पडला तर चुरा होणार. दोन तासांनी परत आलो तर चुरा झालेला.

"ब्रिटा," एमेट समजावणीच्या सुरात म्हणाला, "या घरात ओटच्या कड्या कुठे नाहीत? माझ्या बुटात आहेत."

"लिनी माझ्याबरोबर होती. तू कामावर. मग पाय कुणाचा?"

त्या संध्याकाळी त्याने आमच्या दाराला आतून एक साखळी लावली. चौकटीला दोन भोकं पडली. भाडेकरार मोडला तेव्हा मला बरं वाटलं.

मग गोष्टी एकामागून एक दिसू लागल्या. की मीच पाहू लागले होते, कोण जाणे. एक दिवस भाड्याचा चेक द्यायला खाली गेले तर काचेच्या कपाटावर पांढरा टेबलक्लॉथ टांगलेला. हेल्मीने भरलेला, कडेला निळी फुलं. आत बंदुका आहेत की नाहीत ते दिसू नये असा. मी तिकडे पाहतेय हे त्याने पाहिलं, आणि तो माझ्यामध्ये आणि कपाटामध्ये येऊन उभा राहिला.

"धूळ बसते," तो म्हणाला.

चाळीस वर्षांची धूळ आत्ता बसायला लागली?

आणि मग एमेटने रात्रीच्या जेवणाला सहज सांगितलं, "आर्विड या वर्षी शिकारीच्या कॅम्पला येत नाहीये. लायसनच काढलं नाही म्हणाला. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा."

मी हातातली खिमा-बटाट्याची पेस्टी ताटात खाली ठेवली. मोसमाच्या पहिल्या आठवड्यात गावातले पुरुष जंगलातल्या खोप्यांवर जातात. रस्त्यावर फक्त बायका आणि पोरं उरतात. एमेट पाच दिवस नसणार. वर मी आणि लिनी. खाली तो, आणि आमच्या प्रत्येक दाराची किल्ली.

"तू जाऊ नकोस," मी म्हणाले.

एमेटने काटा खाली ठेवला. त्याला राग आला नाही, तेच मला जास्त लागलं. "नाही जात," तो म्हणाला. "पण तुला काय वाटतं, तो काय करेल? एकदा नीट सांग मला."

मला सांगता आलं नाही. तो आमच्या रायफली नेईल? त्याच्याकडे चार होत्या. मला काही करेल? तोंडाने म्हणायला गेले आणि ते खोटं वाटलं. पण तो काहीतरी जुळवत होता, आणि ते आमच्या तिजोरीभोवती जुळवत होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"जा तू," शेवटी मी म्हणाले. "पण आधी तिजोरी उभी कर. नंबर मी टाकणार."

खोकी मंगळवारी आली. एमेट कामावर होता. ट्रकवाल्याने ती व्हरांड्यात ओळीने लावली आणि निघून गेला. मी मोजायला गेले. आमच्या पावतीवर सहा होती. व्हरांड्यात दहा होती. लिनी एकेका खोक्यावर थाप मारत चालली होती आणि मी तिच्यामागून वाकून नावं वाचत होते. सहांवर एमेटचं नाव. चारांवर आर्विड हल्कोला. आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं: जोडकप्पा, मुख्य तिजोरीला जोडूनच वापरावा, स्वतंत्र उभा राहत नाही.

मी ते तीनदा वाचलं. त्या माणसाने असा कप्पा विकत घेतला होता जो आमच्या तिजोरीशिवाय त्याच्या काहीच कामाचा नव्हता.

लिनीला कडेवर घेतलं आणि त्याचं दार वाजवलं. भीती वाटत होती, पण राग तिच्यापुढे होता.

"ही खोकी तुमची?"

"हो. आत ये."

"इथेच बोला. तुम्ही आमच्या खोलीत येऊन कपाट मोजलंत?"

"मोजलं. दोन्ही शेजारी मावतात का ते बघायचं होतं. न विचारता आलो, चुकलं माझं."

आठ महिने मी ज्याची वाट पाहत होते ते त्याने असं दोन वाक्यांत देऊन टाकलं. "आणि आमच्याच घरात का? तुमचं कपाट आहे ना?"

आर्विड वळला, चालत कपाटापाशी गेला आणि टेबलक्लॉथ बाजूला केला. चारही बंदुका जागेवर होत्या. किल्ली कुलपात नव्हती.

"किल्ली मी सरोवरात टाकली," तो म्हणाला. "पण काच आहे. काचेला किल्ली लागत नाही."

मी दारातच उभी होते. लिनी माझ्या केसांशी खेळत होती.

"मार्चमध्ये हेल्मीचा वाढदिवस होता. त्या दुपारी मी या खुर्चीत बसलो होतो. हे उघडलेलं होतं." तो कपाटाकडे पाहत बोलत होता, माझ्याकडे नाही. "तेवढ्यात वर तुझी पोर धावायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत. अर्धा तास. मी छताकडे बघत बसलो. मग बंद केलं."

मी आत गेले आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले. पाय आपोआपच गेले.

"दवाखान्यात एक बाई आहे. दर गुरुवारी जातो तिच्याकडे. ती म्हणते, बंदुका घराबाहेर काढ. कुणाकडे काढू? या गावात दुपारी दिल्या तर संध्याकाळी चर्चमध्ये लोक माझा हात जास्त वेळ धरून ठेवतील. मग एमेटने तिजोरीचं सांगितलं."

"एमेटला तुम्ही हे बोललात?"

"नाही. त्याला सांग हवं तर. पण नंबर त्याला देऊ नकोस." आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "तो चांगला पोरगा आहे. मी म्हणालो, जरा तेल लावायचंय, दे, तर तो देईल. वर माझ्यासाठी कॉफीही ठेवील."

"आणि मी?"

"तू दाराशी कड्या मांडून ठेवतेस," आर्विड म्हणाला. "पाय पडला तेव्हा कळलं मला. बुटाला लागली होती. तू आठ महिने माझ्यावर डोळा ठेवून आहेस, पोरी. माझं कुठलंच बोलणं तुला खरं वाटत नाही. मला तसंच माणूस हवंय."

मी हसले की रडले ते मला आठवत नाही. लिनी मात्र कडेवरून उतरली होती आणि काचेवरच्या हरणाला बोट लावून "कुत्रा" म्हणत होती.

बुधवारी एमेटने तिजोरी आणि जोडकप्पा दोन्ही उभे केले. त्याला मी सगळं सांगितलं होतं, तरी त्याने आर्विडला एक अक्षर विचारलं नाही, फक्त काचेच्या कपाटाचं कुलूप उचकटून त्याच्या बंदुका एकेक करून स्वतः वर आणल्या, गोळ्यांचे डबे स्वतः उचलले. आर्विड पायऱ्यांवर बसून राहिला. जोडकप्प्याचा नंबर मी टाकला तेव्हा एमेटही खोलीबाहेर गेला. तो नंबर अजून माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. इथेही लिहीत नाही. दवाखान्यातल्या बाईचा फोन नंबर मात्र मी फ्रिजच्या दारावर लावला, मोठ्या अक्षरांत.

शुक्रवारी एमेट कॅम्पला गेला. निघताना म्हणाला, "साखळी लावून घे." मग स्वतःच ओशाळून हसला. मी साखळी लावली नाही.

शनिवारी सकाळी मोसम उघडला. लांबून, टेकडीपलीकडून, पहिले बार ऐकू येत होते. लिनी उंच खुर्चीत बसून लापशी केसांना लावत होती. दारावर टकटक झाली.

आर्विड नारिंगी जाकीट आणि नारिंगी टोपी घालून उभा होता. दाढी केलेली. खूप दिवसांनी मी त्याला इतकं तजेलदार पाहत होते.

"विचार केला, जावं," तो म्हणाला. "घरात बसून काय करू. मागच्या कड्यापर्यंतच. दोन तासांत येतो. ती जुनी दे, मधली."

हे सगळं अगदी बरोबर होतं. असंच कुणीही म्हणेल. आणि मला त्या क्षणी किती वाटलं की विश्वास ठेवावा. आठ महिने मी या माणसाशी वाईट वागले होते. त्याला पंचावन्न वर्षांच्या सवयीचा एक दिवस परत देणं माझ्या हातात होतं.

मग मी खाली पाहिलं. त्याच्या पायांत घरातल्या लोकरी सपाता होत्या.

बाहेर घोटाभर बर्फ होता.

"लायसन?" मी विचारलं.

"काढलं काल."

"दाखवा."

त्याने जाकिटाच्या एका खिशात हात घातला, मग दुसऱ्या. हात तिथेच राहिला. टेकडीपलीकडे आणखी एक बार झाला आणि त्याने डोळे मिटले.

"नाही देणार," मी म्हणाले. "आज नाही. उद्या मागितलीत तरी नाही. तुम्हीच मला तसं सांगितलंत."

मला वाटलं तो ओरडेल. घर माझं आहे म्हणेल. त्याने हळूच टोपी काढली. टोपीखालचे केस नीट विंचरलेले होते, मध्ये भांग, शाळेत जाणाऱ्या मुलासारखा.

"सपाता," तो म्हणाला. स्वतःशीच.

"हो."

"गेल्या वर्षी हेल्मीने बूट काढून ठेवले होते दाराशी. दर वर्षी तीच ठेवायची."

मी त्याचा हात धरून त्याला आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. मग एक गोष्ट केली जी आठ महिन्यांत कधी केली नव्हती. लिनीला खुर्चीतून काढलं, लापशीसकट, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हिला धरा. घट्ट धरा, निसटते ती. मला फोन करायचाय."

"आज शनिवार आहे. ती बाई गुरुवारी असते."

"तिने घरचा नंबरही दिलाय. तुम्हीच आणून दिलात."

मी फ्रिजपाशी उभी राहून नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत होती. इकडे लिनीने आपला चिकट हात आर्विडच्या नारिंगी जाकिटावर ठेवला, तो तिथे उमटलेला पाहिला, आणि दुसराही ठेवला. तो हलला नाही. दोन्ही हातांनी त्याने तिला धरलं होतं, मी सांगितलं तसं, घट्ट.

पलीकडून फोन उचलला गेला. मी बोलत होते तो सगळा वेळ त्याच्यावरची नजर काढली नाही. त्यानेही एकदा मान वर करून पाहिलं, मी पाहतेय ना याची खात्री केली, आणि पुन्हा लिनीच्या केसांतली लापशी बोटाने काढू लागला.